चार बाजू, चार रात्री

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत, मी वीस वर्षं ऐकतोय, पण येस या बँडचा १९७३ चा अल्बम ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ काही केल्या पूर्ण ऐकून होत नव्हता. कान थकायचे, मी बंद करायचो. जिवाला लागायचं, कारण हा माझा सर्वांत लाडका बँड.

मग लक्षात आलं, हा दोन एलपींचा, म्हणजे दोन मोठ्या तबकड्यांचा अल्बम. गाणी चारच, एकेक साधारण वीस मिनिटांचं, प्रत्येकाला अख्खी बाजू. बाजू संपली की तबकडी उलटायला उठावं लागायचं, आपसूक उसंत मिळायची. फोनवर तीच ऐंशी मिनिटं सलग अंगावर येतात.

म्हणून रोज रात्री एकच बाजू, हेडफोन लावून, दिवा मालवून. दुसरी मला अजूनही ताणलेलीच वाटते. पण तिसरी! ‘द एन्शंट’मध्ये गिटार आणि तालवाद्यांचा खडबडीत कल्लोळ बराच वेळ चालतो, मग सगळं निवतं आणि येसचा गिटारवादक स्टीव्ह हाउची क्लासिकल गिटार एकटीच उरते. तो कल्लोळ सोसलेला असला, तरच ती शांतता इतकी आत उतरते. त्या रात्री मी तेवढा भाग तीनदा ऐकला.

चौथ्या रात्री ‘रिच्युअल’ही झालं. आता जेनेसिस या बँडचा ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ घेतलाय, तोही चार बाजूंचा. आज दुसरी बाजू.