चर्चासत्रांसाठी स्वतःची वास्तू घेताय? या चुका टाळा

सर्वात महागडी चूक हिशेबात होते. भाडं म्हणजे पैसे वाया आणि स्वतःची वास्तू म्हणजे बचत, असं गृहीत धरून विश्वस्त मंडळं ठराव करतात. पण खरेदीत अडकलेल्या पैशाचं बुडालेलं व्याजही खर्चातच धरायला हवं.

वास्तूची किंमत १०० धरा. बुडालेलं व्याज ४, डागडुजी २, कर्मचारी, विमा, वीज मिळून ४, म्हणजे वर्षाला १०. तशीच जागा भाड्याने दिवसाला ०.०८ ला मिळत असेल, तर वर्षातले १२५ दिवस वास्तू भरली तरच खर्च भाड्याइतका येतो. आता कॅलेंडर काढा. सगळी सत्रं शनिवार-रविवारचीच असतील तर एकही आठवडा न चुकवता जेमतेम १०४ दिवस भरतात. इथेच बहुतेक प्रस्ताव मागे घ्यायला हवेत. अंदाजी आकडे नकोत. मागच्या तीन वर्षांत भाड्याने घेतलेले दिवस मोजा.

जर्मनीतल्या ओबरवोल्फाखची गणित संस्था १९४४ पासून आहे. तिथे जवळजवळ दर आठवड्याला निवासी कार्यशाळा असते, म्हणून तिला स्वतःची वास्तू शोभते. उलट ऑक्सफर्डजवळची विथम ॲबी ही जुनी हवेली एका धर्मादाय संस्थेने चर्चासत्रांसाठी २०२२ मध्ये सुमारे दीड कोटी पौंडांना घेतली. टीका झाली आणि २०२४ मध्ये ती विक्रीला काढावी लागली.

दुसरी चूक, देखणेपणाला भुलणं. चांगली चर्चा मोठ्या सभागृहात क्वचितच रंगते. चाळीस जणांसाठी एक सभागृह आणि आठ-दहा जणांच्या चार खोल्या लागतात, शिवाय मधल्या भिंतींतून आवाज जाता कामा नये. वारसा यादीतल्या इमारतीत लिफ्ट बसवायला किंवा खिडक्या बदलायलाही परवानगी लागू शकते. निवासी वापराची वास्तू सभांसाठी वापरता येईल का, अग्निसुरक्षेच्या अटी काय, हे इसार देण्याआधी लेखी घ्या.

वास्तू देणगीत मिळत असेल तरी देखभालीचा निधी सोबत मागा. वरच्याच हिशेबाने वर्षाला २ लागत असतील आणि निधीवर ४ टक्के व्याज मिळत असेल, तर ५० चा निधी हवा. तोही महागाई न धरता. एवढं मागायला संकोच वाटतो, पण न मागितल्यास तो खर्च पुढे मूळ कार्याच्या पैशातून जातो.

निर्णय घेणारेच तिथे उतरणार असतील तर त्यांनी मतदानातून बाहेर राहावं. खरेदीची कारणं आणि हिशेब देणगीदारांसमोर आधीच मांडावेत. टीका सुरू झाल्यावर दिलेलं स्पष्टीकरण सारवासारव वाटतं, मग ते कितीही खरं असो.

वास्तू घेऊन झाली आणि ती रिकामी पडते आहे? आधी आठवड्याच्या मधले दिवस इतर संस्थांना द्या; मात्र त्या उत्पन्नावरचा कर आणि संस्थेच्या घटनेतली उद्दिष्टं तपासून. वापरात नसलेला भाग बंद ठेवा. वर्षभरात भरलेले दिवस अपेक्षेच्या निम्म्यावरही गेले नाहीत, तर विक्रीचा ठराव करा. मोठ्या वास्तूंना गिऱ्हाईक थोडं असतं आणि विक्रीला वर्षही लागू शकतं, त्यामुळे तेवढ्या काळाचा देखभाल खर्च वेगळा काढून ठेवा.