फुग्याने झडप उघडल्यावर मुलाची फाईल कशी सांभाळावी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडे ज्याला सर्रास ‘फुग्याचं ऑपरेशन’ म्हणतात, त्यात मांडीच्या शिरेतून वा धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि अरुंद झडपेत फुगा फुगवून ती उघडतात. १९८२ मध्ये ही रीत पल्मनरी (हृदयातून फुप्फुसांकडे रक्त सोडणाऱ्या) झडपेसाठी प्रथम प्रसिद्ध झाली. छातीवर टाके नसतात, मूल चार दिवसांत अंगणात पळू लागते आणि नेमकी तिथेच पुढची तपासणी सुटते.

सर्वप्रथम डिस्चार्ज कार्डावरील झडपेचे नाव वाचून घ्यावे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर ठरतो. पल्मनरी असेल तर निकाल बहुधा वर्षानुवर्षे टिकतो. मात्र झडप जाड व बेढब असेल तर फुग्याला ती तितकी दाद देत नाही. एऑर्टिक (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी) असेल तर फुग्याने मिळतो तो मुख्यतः वेळ : झडप पुन्हा अरुंद होऊ शकते किंवा गळू लागते, म्हणजे रक्त मागे येते, आणि अनेकांना पुढे दुसरी प्रक्रिया वा झडपबदल लागतो.

त्यानंतर एक लांब वही करावी. प्रत्येक इकोनंतर (हृदयाच्या सोनोग्राफीनंतर) तारीख, वजन, झडपेवरील दाबाचा फरक, गळती सौम्य की तीव्र आणि उजव्या वा डाव्या कप्प्याचा आकार, एवढे एका ओळीत लिहावे. पल्मनरी झडपेत हा फरक ३६ मिलिमीटर पाऱ्याखाली असेल तर अरुंदपणा सौम्य आणि ६४ च्या वर असेल तर तीव्र मानतात. फुग्यानंतर लगेच आकडा थोडा चढा राहिला तरी घाबरू नये. झडपेखालचा जाडावलेला स्नायू सैलावायला काही महिने लागतात. माझ्या मते आकड्यापेक्षा गळतीचा रकाना अधिक बोलका असतो, कारण पल्मनरी गळती वीस-वीस वर्षे मुकाट राहून उजवा कप्पा ताणत असते. हा कप्पा वाढताना दिसला तर डॉक्टरांकडे एमआरआयचा विषय काढावा.

दात किडू देऊ नयेत, कारण तिथले जंतू रक्तातून झडपेवर बसू शकतात. ताप आठवडाभर हटत नसेल तर अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना झडपेचे सांगून रक्ताचे कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) करायला लावावे.

बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पहाटे धावणारी मुले आणि तालमीतले पैलवान यांच्यात एऑर्टिक झडपेचा मुलगा असेल, तर त्याने आधी इको दाखवून परवानगी घ्यावी. धावताना छातीत दुखले किंवा भोवळ आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मुलगी लग्न होऊन चंदगड-कोल्हापूरकडे गेली की फाईल बहुधा माहेरच्या ट्रंकेतच राहते. ती तिच्यासोबत द्यावी, आणि दिवस राहण्याआधी एकदा हृदयतज्ज्ञांना दाखवावी.