आधी तळ बघा, मग बूट

मागच्या महिन्यात एक मुलगा नंबर काढायला दुकानात आला. पेडण्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. कोपऱ्यात उभी केलेली फ्लायची काठी, म्हणजे पिसादोऱ्याचं हलकं खोटं आमिष (फ्लाय) फेकून मासे धरायची काठी, त्यानं पाहिली आणि चष्मा राहिला बाजूला. "काका, मीही शिकतोय. बूट कुठले घेऊ?" मी विचारलं, "उतरणार कुठे?" तो म्हणाला, "पाण्यात."

गफलत होते ती इथंच. बूट पाण्यावर ठरत नाही, पायाखाली काय आहे त्यावर ठरतो. आणि गोव्यात तासाभराच्या अंतरात तळ तीनदा बदलतो. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीत चिखल, खाडीच्या तोंडाशी कालवं (धारदार शिंपले) चिकटलेला खडक, वर सत्तरी तालुक्यात नदीतले गोटे.

गरीवाल्याला काठावर बसून भागतं. फ्लायला मात्र स्वतःचं वजन नसल्यासारखंच असतं. ती फेकली जाते जाड दोरीच्या वजनावर, आणि त्यासाठी दोरी आधी पाठीमागे सरळ उलगडावी लागते. मागे खारफुटी असली की फ्लाय फांदीत जाऊन बसते. म्हणून आपण गुडघाभर पाण्यात शिरतो आणि नजर असते चणक माशाच्या उसळीवर. पायांना आपलं आपणच सांभाळावं लागतं.

माझे पहिले बूट परदेशातल्या मेहुण्यानं आणले होते. तळाला फेल्ट, म्हणजे दाबलेल्या जाड नमद्याचा थर. केरीच्या खडकांवर सकाळभर मी पालीसारखा चिकटून होतो. शेवाळाचा बुळबुळीत थर नमद्याच्या तंतूंमधे दबतो आणि तंतू थेट दगडाला भिडतात, म्हणून रबरापेक्षा तो तिथं सरस. मग भरती लागली, मी परत निघालो आणि खाजनाच्या बांधावरच्या ओल्या गवतावर दोन्ही पाय एकदम आभाळात. काठीचं टोक मोडलं, कोपर सोलवटलं. चिखल आणि गवत फेल्टमधे भरलं की त्याची घसरगुंडी होते. खडकावरून परतताना बांध तुडवावा लागणार असेल तर फेल्ट घेऊ नका.

फेल्टला दुसरीही खोड आहे. तो लवकर वाळत नाही आणि एका नदीतलं शेवाळ, बारीक जीव दुसऱ्या नदीत नेतो. न्यूझीलंडनं डिडिमो नावाच्या शैवालाच्या धास्तीनं 2008 मधे फेल्टच्या तळव्यांवर बंदी घातली. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात ती 2018 पासून आहे. आपल्याकडे कोणी अडवत नाही, पण सत्तरीतल्या ओढ्याचा गाळ तेरेखोल नदीत कशाला न्यायचा?

नारळ काढणारे पाडेली माडावर चढताना पायात सुंभाचं कडं घालतात. ते पाहून मी जुन्या कॅनव्हासच्या बुटांना पंजाखाली सुंभाचे चार वेढे घट्ट बांधले. शेवाळलेल्या दगडावर काम फक्कड झालं. दोन फेऱ्यांत सुंभ झिजला, पण बदलायला खर्च नाही. जपानमधे ओढ्यात चालायला गवताच्या वाहाणा वापरायचे, त्यामागेही हेच, तंतू आणि शेवाळ. हौस किती टिकते ते ठाऊक नसेल तर आधी हा प्रयोग करा.

सगळीकडे चालेल असा एकच जोड हवा असेल तर मऊ रबराचा तळवा घ्या. दुकानात तळव्यावर नख दाबून बघा. खूण उमटली पाहिजे. कडक तळवा वर्षानुवर्षं टिकतो आणि ओल्या दगडावर पहिल्याच दिवशी दगा देतो. खाचाही बघा. चिखलासाठी खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात, म्हणजे पाय आपटला की गाळ झडतो. बारीक खाचांत तो गच्च बसतो आणि मग सपाट तळव्यावर चालल्यासारखं होतं.

शेवाळ जास्त असेल तर त्याच रबरात धातूचे खिळे बसवून घ्यावेत. टंगस्टन कार्बाइडचे खिळे जांभ्यात रुततात आणि चांगला धर देतात. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मऊ असल्यानं दगडाच्या उंचवट्यांवर दबून बसतात. पण खिळे पायात असताना फेरीबोटीच्या लोखंडी फळीवर मी एकदा असा नाचलो की तिकीटवाल्यानं बाहेर येऊन बघितलं. कोणाच्या फायबरच्या होडीत तर ते घालून चढूच नका. नाखवा चारचौघांत उद्धार करील. साधे पोलादी खिळे खाऱ्या पाण्यात गंजतात, आणि लेसच्या कड्यांचंही तेच. कडी पितळेची, स्टेनलेसची किंवा नायलॉनची बघा.

कालवांची धार ब्लेडसारखी असते. पुढे जाड टोपी आणि बाजूला उंच रबर नसेल तर कॅनव्हास फाटतो आणि पायही. खाडीच्या कोमट पाण्यातली जखम लवकर चिघळते. गोड्या पाण्यानं धुवा, आणि मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

मानशीजवळच्या, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या चिखलात प्रश्न घसरण्याचा नसतो, बूट आत राहण्याचा असतो. गमबूट तिथं घालू नका. पाणी शिरलं की पाय शिशाचा होतो आणि चिखल बूट ओढून घेतो. घोट्याच्या वर येणारे, लेसनं आवळलेले बूटच हवेत. चेनचे नकोत, दोन दिवसांत वाळू चेन खाते. वाळूत कुठलाही जोड चालतो. फक्त पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला, शेपटीत काटा असलेला पाकट मासा आधीच सरकेल.

मापाची एक गंमत सांगतो. परदेशी बूट थंड नद्यांसाठी बनतात. तिथं माणूस पाणी न शिरणारी विजार घालतो, तिचे जाड निओप्रीनचे मोजे बुटात मावायला हवेत, म्हणून आतून जागा सोडलेली असते. इथं आपण हाफ पँटीतच उतरतो, त्यामुळे नेहमीच्या नंबरचा बूट ढिला होतो. वापरायचे मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना बूट घालून बघा. उतारावर बोटं पुढे आदळता कामा नयेत आणि टाच उचलता कामा नये. पाणी निघायला बाजूला भोकं आहेत का तेही पाहा.

त्या मुलाला मी रबराचे, खोल खाचांचे, बिनखिळ्यांचे बूट सांगितले, कारण तो कोलवाळच्या खाजनात जाणार होता. सत्तरीत जायचं म्हणाला तेव्हा अभयारण्याची हद्द नकाशावर दाखवून दिली. तिच्या आत गरी नाही की फ्लाय नाही.

माझे बूट प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत टांगतो, कारण कडक उन्हात तळव्याचा गोंद सुटतो. दोन दिवस ते दुकानाच्या मागच्या खिडकीत असतात आणि गिऱ्हाईक नाक वर करून विचारतं, सुके बांगडे कुठे ठेवलेत?