हॉकीचा हंगाम सुरू होण्याआधी: पहिल्यांदाच रिंकवर येणाऱ्या घरांसाठी तयारीची यादी

कॅनडात वस्त्यावस्त्यांमधल्या अरीनांत मुलांची आइस हॉकी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते. तयारी मात्र ऑगस्टमध्येच उरकलेली बरी, आणि ज्या घरात आजवर कुणीच बर्फावर पाय ठेवलेला नाही त्या घराने तर त्याच्याही आधी कामाला लागावं. स्केट्स आणि पॅड्सबद्दल दुकानदारापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सांगतात. वेगळं नाव, वेगळा रंग, वेगळा सण घेऊन येणाऱ्या मुलाला संघ आपला वाटावा म्हणून काय करून ठेवायचं, ते सहसा कुणी सांगत नाही. मूल दुसऱ्या वर्षी परत येतं की नाही हे बरेचदा त्यावरच ठरतं, म्हणून या यादीत सामानापेक्षा त्याला जास्त जागा दिली आहे.

सुरुवात नोंदणीपासून. इथे क्रम चुकवू नका. ‘फर्स्ट शिफ्ट’ हा उपक्रम 6 ते 10 वर्षांच्या, आधी कधीच हॉकीत नाव न घातलेल्या मुलांसाठी आहे. त्यात डोक्यापासून पायापर्यंतचं सामान आणि बर्फावरचे धडे एकत्र मिळतात. घाईघाईने आधी क्लबमध्ये नोंदणी केली की ही संधी हातची जाते. फी जड जात असेल तर किडस्पोर्ट आणि जंपस्टार्ट या संस्थांकडे अर्ज करता येतो. अर्ज लवकर टाका आणि संकोच करू नका, ही मदत त्यासाठीच उभी केलेली आहे. गट जन्मवर्षावरून ठरतो: U7 (म्हणजे सात वर्षांखालचा), U9, U11, U13 असे. 2020 पर्यंत या गटांना जुनी नावं होती आणि त्यातलं ‘मिजेट’ हे बुटक्या माणसांना हिणवणारं होतं. हॉकी कॅनडा या देशाच्या हॉकी संघटनेने तेव्हा सगळीच नावं बदलून थेट वयावर आणली. बऱ्याच प्रांतांत घरातल्या एका तरी पालकाला ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ हा ऑनलाइन पाठ पूर्ण करावा लागतो. माझं मत असं की तो आईवडील दोघांनीही करावा, कारण काचेमागे उभं राहून ओरडणारे दोघंही असतात.

आता सामान. जुनं सामान बिनधास्त घ्या; मुलं वर्षभरात एवढी वाढतात की निम्मं सामान नव्यासारखंच पुढच्या घरी जातं. अपवाद हेल्मेटचा. ते नवीन घ्या, त्यावर सीएसएचं, म्हणजे कॅनडाच्या सुरक्षा मानकाचं, चिन्ह बघा, आणि पूर्ण चेहरा झाकणारी जाळी असलेलंच घ्या. नेक गार्डशिवाय मुलाला बर्फावर सोडत नाहीत. हेल्मेट बघायला जाताना मुलाचे केस खेळताना जसे असतील तसेच बांधून न्या. पटका बांधणाऱ्या मुलाला पटक्यासकट घेऊन जा. अंबाडा माथ्यावर असेल तर तो मानेकडे खाली घ्यावा लागतो, आणि हे पहिल्या सामन्याच्या सकाळी कळलं तर रडारड होते. हिजाब घालणाऱ्या मुलीसाठी पातळ, ताणला जाणारा खेळाचा हिजाब आधी आणून मग त्यावर हेल्मेट बसवून बघा. दोन घट्ट वेण्या चालतात, उंच पोनीटेल चालत नाही.

स्केट्सवर थोडा वेळ घालवा, पाय दुखणारं मूल तिसऱ्या आठवड्यात खेळ सोडतं. हॉकीचे स्केट्स नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतात. एकच पातळ मोजा घालायचा. जाड लोकरी मोज्याने पाय आत हलतो आणि घोटा डगमगतो. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की टाच मागे घट्ट बसून बोटं सुटली पाहिजेत. पुढच्या वर्षीही होतील म्हणून मोठे घेण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. नव्या स्केट्सना बहुधा धार लावलेली नसते, ती दुकानातच लावून घ्या. स्टिक बूट घालून उभं राहिल्यावर नाकापर्यंत, स्केट्सवर हनुवटीपर्यंत. लांब असेल तर वरच्या टोकाकडून कापा. लहानग्यांच्या गटात अर्ध्या रिंकवर खेळ होतो आणि नेहमीच्या 170 ग्रॅमच्या काळ्या पकऐवजी (पक म्हणजे खेळातली चकती) 113 ग्रॅमच्या आसपासचा निळा पक असतो. अंगावर धडक देण्याला U13 पर्यंत बंदी आहे. आजीला हे आवर्जून सांगा, तिची निम्मी काळजी मिटेल.

ड्रेसिंग रूमची तयारी घरीच होते. 2023 पासून हॉकी कॅनडाचा नियम आहे की मुलांनी आतली शॉर्ट्स आणि टीशर्ट घालूनच खोलीत यायचं, म्हणजे कुणासमोर कपडे काढायची वेळच येत नाही. खोलीवर लक्ष ठेवायला मोठी माणसं दोन लागतात, एकटं कुणीच नाही. मिश्र संघात खेळणारी मुलगी, लाजाळू मुलगा, धर्मामुळे अंग झाकणारं मूल, स्वतःच्या शरीराबद्दल गोंधळलेलं मूल, सगळ्यांची सोय या एका नियमात झाली आहे. मुलाला हा नियम माहीत असू द्या आणि तो मोडला जातोय असं दिसलं तर सांगायचं, हेही.

लहान गटांत प्रशिक्षक हेल्मेटच्या कपाळावर पांढरी टेप लावून तिच्यावर मुलाचं नाव लिहितात. त्या टेपवर पूर्ण नाव जाऊ द्या. ‘ज्ञानदा’चं ‘नॅन’ आणि ‘हृषीकेश’चं ‘रिक’ करून द्यायची काही गरज नाही. सराव सुरू व्हायच्या आधी प्रशिक्षकाला दहा सेकंदांचा आवाजी निरोप पाठवा, त्यात मुलाने स्वतः आपलं नाव स्पष्ट म्हणावं. बाकावरून नावाने मारलेली हाक बर्फावर ऐकू येते, आणि ती ओळखीची असली की मूल वळून बघतं. त्याच निरोपात सणांच्या तारखा कळवा. दिवाळी नेमकी हंगामात येते, बाहेरगावच्या स्पर्धाही त्याच सुमारास ठरतात. सप्टेंबरमध्ये सांगितलं तर टीम मॅनेजर काहीतरी जुळवतो, आदल्या आठवड्यात सांगितलं तर नाही. रमजानचा उपवास असलेल्या मुलाचंही तसंच.

यादीतलं सगळ्यात जड काम आता येतं, आणि तेच लोक पुढे ढकलतात. मुलाला कधीतरी रंगावरून, वेशावरून, आडनावावरून कुणीतरी बोलणार आहे, असं धरून चाला आणि ते घडायच्या आधी त्याच्याशी बोला. हॉकी कॅनडाच्या नियमांत भेदभावाच्या बोलण्यासाठी वेगळं कलम आहे: ग्रॉस मिसकंडक्ट, म्हणजे खेळाडू तिथेच सामन्याबाहेर, आणि पुढे निलंबन. 2021-22 च्या हंगामात देशभरातून अशा 927 घटनांची नोंद झाली. त्यातल्या 512 मध्ये शिक्षा झाली, उरलेल्या 415 पंचांच्या कानावर पडल्याच नव्हत्या, खेळाडूंनी किंवा संघांनी कळवल्या म्हणून नोंदल्या गेल्या. म्हणून मुलाला शिकवा: शब्द ऐकला की शिफ्ट, म्हणजे बर्फावरची आपली पाळी, संपताच बाकावर येऊन लगेच प्रशिक्षकाला सांगायचं, उलट शिवी द्यायची नाही, हात उचलायचा नाही. तुम्ही त्याच रात्री वेळ, पिरियड, जर्सीचा नंबर आणि नेमका शब्द लिहून क्लबला ईमेल करा. तोंडी तक्रार पार्किंगमध्येच विरून जाते. हंगामाच्या पहिल्या पालकसभेत प्रशिक्षकाला सगळ्यांसमोर विचारा की असं घडलं तर तुम्ही काय कराल. उत्तर ठाम असेल तर सगळी मुलं निर्धास्त होतात, गुळमुळीत असेल तर आपल्याला वेळेत कळतं.

याच बोलण्याची दुसरी बाजू आपल्या घरात आहे. त्या नोंदींत सर्वांत मोठा वाटा लैंगिक कल आणि लिंगओळखीवरून झालेल्या टोमण्यांचा होता. तिथे बोलणारं मूल आपलंही असू शकतं. काळ्या रंगाबद्दल, बायकी वागण्याबद्दल, मूळ रहिवासी कुटुंबांबद्दल आपल्या जेवणाच्या टेबलावर जे सहज बोललं जातं ते मूल सामानाच्या पिशवीबरोबर खोलीत घेऊन जातं. आधी ते बंद करा.

अरीनाला जातानाच्या गाडीत सांगायला गोष्टी तयार ठेवा, कारण हा खेळ फक्त गोऱ्यांचा आहे असं मुलाला वाटायला वेळ लागत नाही. नोव्हा स्कॉशियात 1895 मध्ये कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून त्यांची स्वतःची लीग उभी राहिली होती, एनएचएल ही आजची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग स्थापन व्हायच्या कितीतरी आधी. चिनी वंशाचा लॅरी क्वाँग 13 मार्च 1948 ला एनएचएलमधल्या न्यूयॉर्क रेंजर्सकडून उतरला. त्याला जेमतेम मिनिटभर खेळू दिलं आणि एनएचएलमध्ये पुन्हा बोलावलंही नाही. मूळ रहिवासी क्री जमातीचा फ्रेड सासाकमूस 1953-54 मध्ये शिकागोकडून खेळला, तोही मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळेतले अत्याचार सोसून. एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू विली ओरी 18 जानेवारी 1958 ला बोस्टन ब्रुइन्सकडून खेळला तेव्हा त्याचा उजवा डोळा जवळपास निकामी होता, आणि ते त्याने लपवून ठेवलं होतं. ब्रिटिश कोलंबियाच्या डंकनमधला रॉबिन बावा 1989 मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला, एनएचएलमधला भारतीय वंशाचा पहिला. मुलगी असेल तर तिला सांगा की बायकांची हॉकी ऑलिम्पिकमध्ये 1998 ला आली आणि त्यांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, जानेवारी 2024 पासून भरल्या अरीनांमध्ये खेळतेय. लॅरी क्वाँगची गोष्ट वगळू नका. मुलांना तिच्यातला अन्याय लगेच कळतो.

शेवटचं काम पालकांचं स्वतःचं. आता बर्फावर सगळ्या रंगांची मुलं दिसतात, पण बाकामागे, टाइमकीपरच्या खोलीत आणि क्लबच्या समितीत फारसा बदल दिसत नाही. संघ कसे पाडायचे, तक्रारींचं काय करायचं, स्पर्धा कधी घ्यायच्या, हे तिथे ठरतं. स्केटिंग येत नाही ही सबब चालणार नाही: मॅनेजर, खजिनदार, गुणलेखक, सामान वाटणारा, यातल्या कशालाही स्केट्स लागत नाहीत. मुलांबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवकाला पोलिसांकडून पूर्वइतिहासाची तपासणी करून घ्यावी लागते आणि तिला कित्येकदा आठवडे लागतात. क्लबकडून त्यासाठीचं पत्र मागून घ्या आणि अर्ज ऑगस्टमध्येच टाका, म्हणजे पहिल्या सरावापर्यंत कागद हातात येईल.