घरासाठी किंवा छोट्या कार्यालयासाठी वाय-फाय राउटर कसा पारखावा

नवा राउटर घेण्याचा विचार बहुधा इंटरनेट अडखळू लागल्यावरच मनात येतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी दोष राउटरचा आहे की लाइनचा, हे ठरवणे भाग आहे. त्यासाठी सगळे मोबाइल वाय-फायवरून काढावेत, लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडावा आणि वेग एकदा सकाळी व एकदा रात्री नऊच्या सुमारास मोजावा. केबलवर पूर्ण वेग मिळतो पण वाय-फायवर मिळत नाही, असे दिसले तर राउटर किंवा त्याची जागा बदलावी लागेल. केबलवरही वेग मिळत नसेल, तर संशय आधी लाइनवर जातो. पण तो नेहमीच बरोबर असतो असे नाही.

परभणीच्या मोंढ्यातील आमच्या आडत दुकानात २०० एमबीपीएसची (सेकंदाला २०० मेगाबिट वेगाची) फायबर जोडणी घेतली, तेव्हा वेग ९४ च्या पुढे सरकत नव्हता. ऐन सोयाबीनच्या हंगामात आम्ही सेवा देणाऱ्यांकडे तीनदा तक्रार केली आणि त्यांच्या माणसाने तिन्ही वेळा लाइन तपासून ती ठीक असल्याचे सांगितले. शेवटी राउटर उलटा करून माहिती वाचली तेव्हा उलगडा झाला. खोक्यावर ठळक अक्षरांत १२०० छापलेले होते, परंतु तो आकडा वाय-फायच्या दोन बँडची, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांची, २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ एमबीपीएस यांची गोळाबेरीज होता. मागच्या बाजूचे पोर्ट, म्हणजे केबल खोचायची खाच, ज्यातून सगळे इंटरनेट आत येते, ते मात्र १०० एमबीपीएसचेच होते. तेव्हापासून मी खोक्यावरचा मोठा आकडा न पाहता आधी पोर्टची नोंद वाचतो. तिथे १०/१००/१००० असे लिहिलेले हवे. नुसते १०/१०० असेल आणि आपला प्लॅन १०० च्या वरचा असेल, तर तो राउटर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. केबलही तपासावी, कारण आतल्या आठपैकी चारच तारा नीट जोडलेल्या असतील तरीही वेग १०० वर अडकतो.

दोन्ही बँड असलेला वाय-फाय ६ प्रकारचा (वाय-फायच्या सहाव्या पिढीचा) राउटर आज घराला आणि पाच-सात जणांच्या कार्यालयाला पुरेसा आहे. त्यापुढच्या वाय-फाय ७ साठी जास्त पैसे मोजण्याआधी आपल्याकडील किती उपकरणे ते वापरू शकतात, हे पाहावे.

राउटरची खरी परीक्षा भिंती घेतात. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या असतात, वर माळवद असते, कुठे पत्रे असतात, तर नव्या घरांत आरसीसी स्लॅब असतो. यांतून ५ गिगाहर्ट्झची लहर लवकर क्षीण होते आणि २.४ ची जरा दूरवर पोहोचते. मोबाइलवर सिग्नल मोजणारे एखादे अॅप घेऊन, दारे लावून, ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत सावकाश फिरावे. सिग्नलची ताकद डीबीएम या एककात उणे आकड्यांत दिसते; उणे ५० च्या आसपासचा सिग्नल उत्तम असतो, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो आणि उणे ८० च्या खाली गेल्यास नुसत्या रेघा दिसतात, काम होत नाही. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठीशी ठेवून घेतलेली चाचणी ग्राह्य धरू नये. सहा अँटेना पाहूनही भुलू नये, कारण वाय-फायमध्ये बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. राउटरचा आवाज मागच्या खोलीत पोहोचला तरी मोबाइलचा क्षीण आवाज परत यावा लागतो. अशा घरात मध्ये केबल टाकून दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे तिथून वाय-फाय देणारा डबा, बसवणे, हाच माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

उन्हाळ्याचा विचार मराठवाड्यात तरी सोडता येत नाही. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान सहसा ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेले असते, आणि एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा सावलीतच ४० च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको. म्हणून चाचणी भर दुपारी घ्यावी. संगणकावर राउटरच्या पत्त्याला सतत पिंग (उत्तर मागणारा छोटा संदेश) लावून दुसऱ्या यंत्रावर दोन तास व्हिडिओ चालू ठेवावा. लॅपटॉप केबलने जोडलेला असताना उत्तरे एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवीत. मध्येच ती तुटत असतील, तर राउटर तापून थकतो आहे किंवा त्याचे अॅडॉप्टर कमजोर आहे असे समजावे.

लाइट गेल्यावर काय होते, हेही घड्याळ लावून पाहावे. पुरवठा परत आल्यावर किती मिनिटांत इंटरनेट सुरू होते आणि लॉगिन पुन्हा हाताने करावे लागते का, ते नोंदवावे. छोटा डीसी यूपीएस घ्यायचा असल्यास अॅडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त असावेत. फायबरची तार जिथे येते तो डबा राउटरपासून वेगळा असेल, तर त्यालाही बॅकअप लागेल, नाहीतर राउटर चालू आणि इंटरनेट बंद अशी स्थिती होते.

सुरक्षेत डब्ल्यूपीए३, निदान डब्ल्यूपीए२ ही वाय-फायची कूटबद्ध सुरक्षा हवी. त्याच मॉडेलसाठी कंपनीने अलीकडे नवे फर्मवेअर (राउटरच्या आतील सॉफ्टवेअर) दिले आहे का, हे तिच्या संकेतस्थळावर पाहावे. वर्षानुवर्षे काही आले नसेल, तर तो राउटर टाळावा. दुकानात किंवा कार्यालयात पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क असलेच पाहिजे, म्हणजे पासवर्ड मागणाऱ्या ग्राहकाचा मोबाइल बिलिंगच्या संगणकापर्यंत आणि कॅमेऱ्यांपर्यंत पोहोचणार नाही.

हे सारे तपासायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून परत घेण्याची मुदत दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावी आणि ती संपेपर्यंत खोके, केबल व अॅडॉप्टरची पिशवी जपून ठेवावी.