बोर्निओला फील्ड कोर्सला जाताय? जळवांपेक्षा या चुकांना घाबरा

ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांच्या पर्यावरण आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांत पावसाळी जंगलाचा एक छोटा फील्ड कोर्स असतो, आणि तो बऱ्याचदा बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या साबा राज्यातल्या डॅनम व्हॅलीत होतो. 438 चौरस किलोमीटरचं राखीव जंगल, सेगामा नदीच्या काठी फील्ड सेंटर, आणि लाहाद दातू शहरापासून साधारण 80 किलोमीटरचा, बराचसा कच्चा रस्ता. ब्रिटनमध्ये शिकणारी मराठी मुलंही या तुकड्यांत असतात. निघण्याआधी सगळ्यांचा वेळ जळवांचे व्हिडिओ बघण्यात जातो. कोर्स फसतो तो मात्र वहीत, म्हणजे प्रश्न चुकीचा निवडल्याने आणि मापं चुकीची घेतल्याने.

प्रश्न डोंगराएवढा, वेळ मूठभर

"लाकूडतोडीचा जैवविविधतेवर होणारा परिणाम" हा विषय पीएचडीला ठीक आहे. कोर्समध्ये स्वतःच्या प्रकल्पाला जेमतेम चार-पाच दिवस मिळतात, आणि त्यातली एखादी दुपार पाऊस खातो. दुसऱ्या दिवशी रात्रीही तुमचा गट "नेमकं काय मोजायचं?" यावर वाद घालत असेल, तर प्रश्न मोठा झालाय असं समजा आणि निर्दयपणे कापा.

ओरांगउटान, हत्ती, धनेश हे बघायचे, मोजायच्या भानगडीत पडायचं नाही. आठवडाभरात एकदा दिसलेला ओरांगउटान हा सुंदर फोटो असतो, डेटा नसतो. फुलं-फळांवर बेतलेला प्रकल्पही तिकीट काढतानाच ठरवू नका. बोर्निओतले उंच वृक्ष मुख्यतः डिप्टेरोकार्प कुळातले, आपल्या मध्य भारतातला साल आहे त्याच कुळातले. यांच्या कित्येक जाती काही वर्षांच्या अनियमित अंतराने एकदम फुलतात आणि मग बियांचा सडा पडतो. तुमच्या तारखांना तसं घडेलच असं नाही.

एका जागी थांबणारी किंवा आपणहून चालत येणारी गोष्ट निवडा. पानांवरची किडींनी पाडलेली भोकं, आमिषावर येणाऱ्या मुंग्या, शेणकिडे. शेणकिड्यांचा सापळा साधा असतो. प्लॅस्टिकचा ग्लास जमिनीत पुरायचा, तळाला साबणाचं पाणी, वर काडीला टांगलेली आमिषाची पुरचुंडी आणि पाऊस अडवायला मोठं पान. आमिष म्हणून मानवी विष्ठा सर्रास वापरतात. ती पुरवणार कोण हे आदल्या दिवशीच ठरवून टाका, सकाळी लाजत बसायला वेळ नसतो.

सापळा रिकामा राहिला तर जंगलाला दोष देण्याआधी ग्लासची कड बघा. ती मातीच्या वर अर्धा बोट जरी राहिली, तरी कडेशी आलेला किडा आत पडण्याऐवजी वळसा घालून निघून जातो. ग्लास काठोकाठ भरलेला दिसला, तर वरचं पान उडालंय आणि रात्रीचा ऐवज पाण्याबरोबर वाहून गेलाय. आणि दोन सापळे दहा पावलांवर असतील, तर ते एकमेकांचेच किडे ओढतात. निदान 50 मीटर अंतर ठेवा.

यापुढची चूक जास्त महागात पडते. न तोडलेल्या जंगलाच्या एका तुकड्यात दहा ग्लास, तोडलेल्या जंगलाच्या एका तुकड्यात दहा ग्लास, आणि अहवालात नमुने दहा-दहा! प्रत्यक्षात तुम्ही एका तुकड्याची तुलना दुसऱ्या एका तुकड्याशी केलीत. फरक तोडीमुळे आला की एक तुकडा ओढ्याजवळ होता म्हणून, हे त्या वीस ग्लासांना सांगता येणार नाही. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 साली याला स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, हे नाव दिलं. उपाय सांगायला सोपा आहे, तुकडे वाढवा आणि प्रत्येकातले ग्लास कमी करा. पायपीट वाढते, म्हणून कोणी करत नाही. जमत नसेल तर निष्कर्षात "या दोन जागांमध्ये" एवढंच म्हणा. परीक्षक त्यावर खूश होतात, असं माझं निरीक्षण आहे.

टेपने केलेला घोटाळा

झाडाच्या खोडाचा व्यास छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.3 मीटरवर मोजतात. त्यासाठीचा टेप खोडाभोवती गुंडाळायचा असतो, पण त्याच्या एका बाजूवर छापलेले आकडे व्यासाचे असतात, 3.14 ने आधीच भागलेले. दुसऱ्या बाजूवर बऱ्याचदा नेहमीचे सेंटिमीटर असतात. 220 सेंटिमीटर घेराच्या झाडाचा व्यास 70. एकाने व्यासाची बाजू वाचली, संध्याकाळी दुसऱ्याने ती घेर समजून पुन्हा भागली, आणि झाड 22 सेंटिमीटरचं झालं. मिठी मारली तर हात पुरत नव्हते ते झाड वहीत असं रोडावलेलं दिसलं, तर गडबड हीच. वहीच्या रकान्यावर "व्यास" की "घेर" ते पहिल्या झाडापाशीच लिहा.

मोठ्या झाडांना बुंध्याशी भिंतीसारख्या आधारमुळ्या फुटलेल्या असतात. त्यांच्यावरून टेप फिरवला तर भलताच आकडा येतो. आधारमुळ्या संपतात त्याच्या अर्धा मीटर वर मोजायचं आणि ती उंची शेजारी लिहायची. हात पोहोचत नसेल तर शिडी मागा, अंदाज नको.

उंचीच्या बाबतीत तर मोबाइलच्या ॲपवर विसंबूच नका, कारण खालून शेंडा दिसतच नाही. याच खोऱ्यातला 100.8 मीटरचा पिवळा मेरांती वृक्ष आधी विमानातून सोडलेल्या लेझर किरणांनी हेरला गेला, आणि 2019 साली झाडांवर चढणारे उंडिंग जामी यांनी वर चढून टेप सोडला तेव्हा आकडा पक्का झाला.

"पाऊस आम्हाला नवा नाही"

हे वाक्य सह्याद्रीत भटकलेल्यांच्या तोंडी हमखास येतं. डॅनमला वर्षाला 2,800 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त. पण आंबोलीचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत आटपतो, डॅनमचा वर्षभर थोडाथोडा चालू राहतो. त्यामुळे भिजलेलं काही वाळत नाही. जीन्स घरी ठेवा. एक जोड जंगलासाठी ओला, एक रात्रीसाठी कोरडा, आणि सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलाच चढवायचा. कोरडा भिजवलात की दोन्ही गेले.

नोंदी पेन्सिलने, जलरोधक कागदावर. रोज संध्याकाळी पानांचे फोटो काढा. कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट बाहेर आणला की भिंगावर वाफ धरते, तेव्हा तो पिशवीत बंद ठेवून आधी बाहेरच्या हवेला सरावू द्या. उजेडाचं गणितही बदला. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडांखाली त्याआधीच काळोख होतो. इंग्लंडच्या उन्हाळ्यातल्या लांबलचक संध्याकाळी इथे मिळत नाहीत.

जळवांचं थोडक्यात. घट्ट विणीचे, गुडघ्याखाली बांधायचे जळूमोजे घ्या, साधे मोजे भेदून त्या आत शिरतात. चिकटली तर नखाने कडेने सरकवून सोडवा. मीठ, तंबाखू, पेटती काडी नको, कारण पोटातलं ती जखमेत ओकू शकते. रक्त बराच वेळ वाहतं, त्याने घाबरू नका.

पासपोर्ट आणि पिशवीतलं बी

तुकडीतल्या ब्रिटिश मुलांसाठी आलेली व्हिसाची सूचना भारतीय पासपोर्टला लागू होईल असं गृहीत धरू नका. कोर्स पर्यटनात बसतो का हे लेखी विचारा. मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. साबाचं इमिग्रेशन वेगळं आहे, क्वालालंपूरहून आलात तरी साबाच्या राजधानीत, कोटा किनाबालूला पुन्हा रांग लागते.

वाटेत पडलेलं पंखांचं देखणं बी किंवा मेलेला भुंगा आठवण म्हणून खिशात टाकू नका. साबात जैविक नमुने गोळा करायला आणि बाहेर न्यायला परवाने लागतात. तुमच्या एका बियापायी पुढच्या तुकडीची परवानगी अडू शकते.

परत आल्यावरचा ताप

सेगामा नदीत डुंबायचा मोह सगळ्यांनाच होतो. 2000 साली साबात झालेल्या इको-चॅलेंज या साहसी शर्यतीनंतर अनेक स्पर्धकांना लेप्टोस्पायरोसिस झाला, आणि तपासात याच नदीत पोहणं हे जोखमीचं कारण निघालं. कोकण-मुंबईच्या वाचकांना लेप्टो काय हे सांगायला नको. अंगावर जखमा असतील तर पाण्यापासून लांब राहा, आणि प्रतिबंधक गोळीबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

दुसरा धोका माकडांकडून डासांमार्फत येणाऱ्या नोलेसी मलेरियाचा. या परजीवीचा अभ्यास 1932 साली कोलकात्यात नोल्स आणि दासगुप्ता यांनी केला, तरी आपल्याकडच्या दवाखान्यात तो पटकन कोणाला सुचत नाही. रक्तात तो 24 तासांत वाढीचं चक्र पुरं करतो, म्हणजे आजार झपाट्याने बळावतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो मलेरियाच्या इतर प्रकारांसारखा दिसतो, आणि झटपट चाचणीत निसटूही शकतो. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डेंग्यू असेल म्हणून घरी पॅरासिटामॉल घेत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, बोर्निओच्या जंगलात राहून आल्याचं पहिल्या वाक्यात सांगा, आणि चाचणी नकारात्मक आली तरी ताप असेपर्यंत पुन्हा करायला सांगा. जमल्यास पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी.