हायड्रावाल्याला वजनाबरोबर अंतरही सांगा

जुनं लेथ मशीन कंपाउंडवरून परसात उतरवायचंय? मग हायड्रावाल्याला (फिरत्या क्रेनवाल्याला) फोनवर नुसतं 'दीड टन आहे' सांगून भागत नाही. गाडी उभी राहील तिथून मशीन ठेवायच्या जागेपर्यंतचं अंतर टेपने मोजून सांगा. क्रेनचा 'बारा टनी' हा आकडा बूम, म्हणजे क्रेनचा लांबणारा हात, आखडलेला असतानाचा. बूम लांबला की ताकद झपाट्याने उतरते. ऑपरेटरकडे लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन उचलेल त्याचा तक्ता) मागा, लाजू नका. वरून विजेची तार जात असेल तर आधी लाइन बंद करून घ्या. सेप्टिक टँकवर चाक येऊ देऊ नका. भाडं बहुधा किमान तासांचं असतं, त्यामुळे उचलायचे पट्टे, शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) कोण आणणार हे आदल्या दिवशीच ठरवा. पट्टा लेथच्या बेडखालून, म्हणजे मशीनच्या लांब जड पायाखालून घ्या. लीडस्क्रूवर (मशीनच्या लांबीभर जाणाऱ्या आट्यांच्या दांड्यावर) ताण आला तर तो वाकलाच समजा.